७४ खरे की ८१?

न्यू जर्सीहून परतलेल्या एका आजींचं पत्र आलं आहे. नातू सोळा वर्षांचा, हायस्कूलच्या बेसबॉल संघात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. आजी लिहितात, ‘सामन्याला गेले तर जाळीमागे तीन-चार माणसं खुर्च्या टाकून बसलेली, हातात पिस्तुलासारखं यंत्र. पोरगं चेंडू टाकतं आणि हे लोक पोराकडे न बघता यंत्राकडे बघतात, वहीत काहीबाही लिहितात. आमच्या मुलानेही तसलं यंत्र विकत आणलंय. त्यावर ७४ येतात, त्यांच्यावर ८१. यंत्र बिघडलंय का?’

यंत्र ठीक असावं. मुलगा बसतो कुठे, ते तेवढं विचारा. बहुधा बाजूच्या पायऱ्यांवर, इतर आईबाबांबरोबर. रडार गनला चेंडूचा पूर्ण वेग दिसतच नाही. तिच्या दिशेने येणारा हिस्सा तेवढा दिसतो. दहावीत ज्याने छळलं तो कोसाइन इथे कामाला येतो. चेंडूच्या रेषेपासून २४ अंश बाजूला बसा, ताशी ८१ मैलांचे बरोबर ७४ होतात. जाळीमागची माणसं उगाच तिथे बसत नाहीत.

ही माणसं म्हणजे स्काउट, व्यावसायिक संघांसाठी पोरं हेरणारे. त्यांच्या हातातली गन मुळात पोलिसांची. १९७४ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक डॅनी लिटव्हायलर यांच्या लक्षात आलं, की विद्यापीठाचे पोलीस भरधाव गाड्या रडारने पकडतात. मग चेंडू का नाही? यंत्र मागून आणलं, पोरांना चेंडू टाकायला लावले आणि चेंडूफेकीची यंत्रं बनवणाऱ्या जग्ज कंपनीच्या मागे लागून खास बेसबॉलची गन करवून घेतली. हे लिटव्हायलर स्वतः १९४२ चा अख्खा मोसम, १५१ सामने, क्षेत्ररक्षणात एकही चूक न करता खेळलेले. आज गन सगळ्यांच्या हातात आहे, त्यांचं नाव मात्र क्वचितच कुणाच्या तोंडी.

गनच्या पोटात आहे तो डॉप्लर परिणाम: जवळ येणाऱ्या वस्तूवरून परतलेल्या लहरीची वारंवारता वाढते. गन २४ गिगाहर्ट्झची असेल तर ८१ मैलांच्या चेंडूवरून परतलेल्या लहरीत फरक पडतो जेमतेम ५,८०० हर्ट्झचा. चोवीस अब्जांत अठ्ठावन्नशे! (डॉप्लरचं म्हणणं तपासायला १८४५ मध्ये हॉलंडमधल्या बाइस बॅलटने रेल्वेच्या उघड्या डब्यात तुतारीवाले बसवले होते आणि रुळांच्या कडेला सुराचे पक्के वादक उभे केले होते. गाडी आली-गेली तसा सूर किती चढला-उतरला, हे त्यांनी नुसत्या कानाने सांगायचं. असे प्रयोग हल्ली कुणी करत नाही, याची मला खंत आहे.)

आता वहीकडे वळू. वहीतले गुण २० ते ८० असतात. ५० म्हणजे सरासरी आणि दर दहा गुण म्हणजे साधारण एक प्रमाण विचलन. ८० मिळवणारा हजारात एखादाच. गंमत अशी, की ही सरासरी शाळकरी पोरांची नसून थेट मेजर लीगची, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलची आहे. दहावीच्या मुलाला एमडीचा पेपर द्यावा तसं. त्यामुळे नातवाला ३० मिळाले तर हिरमुसू नका. प्रत्येक गुणापुढे दुसरा आकडाही असतो: आज ३०, पुढे ५०. पहिला आकडा मोजून काढलेला, दुसरा पत्रिकेतला.

ही पत्रिका मांडताना स्काउट मनगटं बघतो, खांद्यांची रुंदी बघतो, बापाची उंचीसुद्धा बघतो. बाजारात गोऱ्हा घेताना आपल्याकडचा शेतकरी दात, छाती, खूर बघतो ना, तस्संच. पोरगं अंगाने भरेल का, हा खरा प्रश्न. आणि इथेच भलेभले फसतात. मेजर लीगचे संघ १९६५ पासून दरवर्षी नव्या खेळाडूंची निवड (ड्राफ्ट) करतात, त्यात अगदी पहिला क्रमांक मिळालेले हायस्कूलचे पिचर तीनच: १९७३ चा डेव्हिड क्लाइड, १९९१ चा ब्रायन टेलर, २०१४ चा ब्रेडी एकन. क्लाइडला शाळा सुटल्यावर तीन आठवड्यांच्या आत थेट मेजर लीगमध्ये उतरवलं. कारकिर्दीत १८ सामने जिंकला, ३३ हरला. टेलर आणि एकन तर मेजर लीगपर्यंत पोहोचलेच नाहीत. उलट १९८४ मध्ये लास व्हेगासच्या ग्रेग मॅडक्सबद्दल शिकागो कब्ज संघाचा स्काउट डग मॅपसनने लिहिलं, की हा अंगापिंडाने जरा भरलेला दिसता तर देशात पहिला ठरला असता. मॅडक्स निवडला गेला ३१ वा आणि ३५५ सामने जिंकून निवृत्त झाला. चेंडू जिथे हवा तिथे टाकण्याची त्याची हातोटी कुठल्याच गनवर उमटत नाही.

मला गनचा राग नाही, पण तिच्या जन्मसालाचा योगायोग डोक्यातून जात नाही. त्याच १९७४ च्या २५ सप्टेंबरला लॉस एंजेलिसमध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी पिचर टॉमी जॉनच्या उजव्या हातातली कंडरा काढून डाव्या कोपराच्या तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी बसवली. तोवर असा कोपर म्हणजे कारकीर्द संपली. जॉन पुढे १९८९ पर्यंत खेळला. आज ही शस्त्रक्रिया इतकी नित्याची आहे की पोरं तिला नुसतं ‘टॉमी जॉन’ म्हणतात. डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीगनेच पिचरांच्या दुखापतींवरचा अहवाल काढला. त्यात पहिलं बोट वेगाच्या हव्यासाकडे आहे, आणि हा हव्यास शाळांपर्यंत उतरल्याचंही त्यात म्हटलं आहे.

आजींच्या पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, उगीच जाता जाता लिहिल्यासारखी: ‘घरी आला की तासभर कोपराला बर्फ लावून बसतो.’

तर आजी, पुढच्या खेपेला यंत्र मुलाकडेच राहू द्या, तुम्ही एक वही घ्या. नातवाच्या प्रत्येक चेंडूला एक रेघ, पाचवी आडवी. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनीच १५-१६ वर्षांच्या मुलांसाठी मर्यादा घालून दिली आहे: एका दिवसात ९५ चेंडू, त्यापुढे नाही. ७६ किंवा त्याहून जास्त टाकले, तर नंतर चार दिवस पिचिंग करायचं नाही. तुमची वही जाळीमागच्यांना दाखवू नका, पण प्रशिक्षकाला जरूर दाखवा.