डोंगर धरून ठेवणारे तणावे आणि त्यांना खाणारा गंज

लग्नाच्या मांडवाचा खांब तणाव्याच्या जोरावर उभा असतो आणि तणावा खुंटीच्या जोरावर. खुंटी भुसभुशीत मातीत ठोकली, तर पहिल्याच वावटळीत मांडव बसतो. धरणे, आधारभिंती आणि घाटातील कडे जमिनीशी बांधून ठेवण्यासाठी अभियंते जे 'ग्राउंड अँकर' वापरतात, त्यांचे तत्त्व हेच आहे. समाजातील अनेक मुले-मुली आज तंत्रनिकेतनांत व अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकत आहेत. त्यांच्यासाठी आणि सर्व सभासदांसाठी हा विषय आम्ही सोप्या भाषेत मांडत आहोत.

खानदेशाशी याचा संबंध काय? ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस चाळीसगाव परिसरात अतिवृष्टी झाली. त्या वेळी धुळे-सोलापूर महामार्गावरील कन्नड घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली. याच डोंगररांगेत पितळखोऱ्याची प्राचीन बौद्ध लेणी आहेत. तेथील अनेक लेण्यांचे दर्शनी भाग कड्यासह ढासळून गेले आहेत. आपला काळा पाषाण कठीण खरा, पण त्यात भेगा असतात आणि काही ठिकाणी दोन थरांमध्ये मऊ लाल मातीचा पट्टा असतो. पाणी भेगेत शिरले की आतून दाब वाढतो, पकड सुटते आणि दरड खाली येते.

अँकर कसा बसवतात?

सैल भाग ओलांडून थेट पक्क्या खडकापर्यंत छिद्र पाडतात. त्यात उच्च ताकदीच्या पोलादी तारांचे पीळ सोडतात. तळाचा भाग सिमेंटच्या पातळ मिश्रणाने खडकाशी जखडतात. ही झाली खुंटी. मधला भाग मोकळा राहतो, हा तणावा. बाहेर पोलादी पाटी ठेवून जॅकने तारा ताणतात आणि पाचरी मारून ताण कायम करतात.

१९३४ साली अल्जीरियातील शेर्फा धरण फ्रेंच अभियंते आंद्रे कोयन यांनी असेच खडकाशी बांधले. आपल्याकडे ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाला आडव्या भेगा पडल्या, तेव्हा त्या इपॉक्सीने भरून धरणाचे उंच खंड ताणलेल्या पोलादी केबलींनी आवळले गेले. पुढे काँक्रीटचा कायमचा आधार दिला गेला. या कामासाठी १९८२ पासून आय.एस. १०२७० हे भारतीय मार्गदर्शक मानकही आहे.

खरा शत्रू

पाणी आणि हवा मिळाली की पोलाद गंजते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण ताणलेल्या बारीक तारेला एका जागी पडलेला छोटा खड्डाही पुरतो. तार अचानक तुटते. १९८६ साली एका आंतरराष्ट्रीय अहवालात गंजामुळे निकामी झालेल्या अँकरची ३५ प्रकरणे तपासली गेली. बहुतेक बिघाड बाहेरच्या टोकाजवळ किंवा मोकळ्या भागात होते. खडकात जखडलेल्या भागात फक्त दोन. कारण उघड आहे. तळाशी सिमेंट तारेला झाकते, तर टोकाशी पाऊस पोहोचतो.

म्हणून कायमच्या अँकरला दुहेरी कवच देतात. मोकळ्या भागात तारांना ग्रीस लावून प्लॅस्टिकची नळी चढवतात. जखडलेल्या भागात सिमेंटला ताणाने बारीक चिरा पडतात. त्यातून पाणी शिरू नये म्हणून नालीदार प्लॅस्टिकची नळी घालतात आणि तिच्या आत-बाहेर सिमेंट भरतात. नळीच्या नाल्यांमुळे पकडही सुटत नाही. टोकावर ग्रीस भरलेली टोपी बसवतात. शेवटी प्रत्येक अँकर कामाच्या भारापेक्षा जास्त ताणून पारखतात.

तरीही अँकर हा एकमेव उपाय नव्हे. आधी पाण्याला वाट करून द्यावी लागते. भिंतीतील पाणी जाण्याची भोके बुजली, तर उत्तम अँकरवरही नको तेवढा भार येतो.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुमच्या हाती देखरेखीचे काम येईल. बसवल्यावर अँकर दिसत नाही, दिसते ती फक्त टोपी. तिच्याभोवती तांबडा ओघळ दिसला, तर ती साधी डागडुजी समजू नका. लगेच वरिष्ठांना लेखी कळवा. त्या भिंतीखालून एस.टी. जाते, तिच्या पायथ्याशी कुणाचे घर असते. कवचावर वाचवलेले थोडे पैसे त्यांच्या जिवापेक्षा मोठे नाहीत.