आधी कागद, मग कॅमेरा

बिली वाइल्डर दिग्दर्शक झाला तरी त्याने लेखणी सोडली नाही आणि त्याच्या विनोदाचं बळ मला तिथेच दिसतं. बर्लिनमध्ये पटकथा लिहिणारा हा ज्यू लेखक १९३३मध्ये हिटलर सत्तेवर येताच देशोधडीला लागला, हॉलिवूडमध्ये परक्या भाषेत लिहू लागला आणि १९४२पासून तिथे दिग्दर्शनही करू लागला. ‘द अपार्टमेंट’ (१९६०) त्याने आय. ए. एल. डायमंडसोबत लिहिला. त्यातली फुटक्या आरशाची डबी पाहा. कारकून बॅक्स्टर आपलं घर साहेबाला प्रेमभेटींसाठी देतो; तिथे साहेबाची प्रेयसी ती विसरून गेलेली असते आणि बॅक्स्टरनेच ती साहेबाला परत दिलेली असते. पुढे नाताळच्या पार्टीत, नवी टोपी कशी दिसते ते बॅक्स्टरला बघता यावं म्हणून, त्याला आवडणारी फ्रॅन तीच डबी त्याच्यापुढे धरते. त्या तड्यात त्याला सगळं कळून चुकतं.

श्रेय बॅक्स्टर साकारणाऱ्या जॅक लेमनच्या अभिनयाचं, असं कुणी म्हणेल. चेहरा त्याचाच, मान्य. पण ती डबी आधी त्याच्या हातून गेलीच नसती, तर त्या चेहऱ्यावर उमटणार काय? वाइल्डर नुसते संवाद चित्रित करायचा, हा आक्षेप मात्र मला साफ चुकीचा वाटतो. त्याच चित्रपटातलं कार्यालय अफाट भासावं म्हणून मागच्या रांगांत लहान टेबलं आणि बुटकी माणसं बसवली होती.