रिपोर्ट नॉर्मल, तरी बोटं का दुखतात?

आमवाताचा रुग्ण असलेल्या घरात दर दोन-तीन महिन्यांनी लॅबचा कागद येतो, आणि सगळ्यांचे डोळे शरीरातल्या सुजेचा अंदाज देणाऱ्या दोन ओळींवर जातात: ईएसआर आणि सीआरपी.

गैरसमज : सीआरपी वाढला म्हणजे इन्फेक्शन, अँटिबायोटिक सुरू करा.

वस्तुस्थिती : टिलेट आणि फ्रान्सिस यांनी 1930 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये सीआरपी हे प्रथिन न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात शोधलं. पण ते जंतूंचं नव्हे, आपल्याच यकृताचं. इंटरल्युकिन-6 चा निरोप मिळाला की यकृत ते बनवायला घेतं. निरोप जंतूंमुळे निघाला, ऑपरेशनच्या जखमेमुळे, की सांध्यांवर उलटलेल्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीमुळे, हे आकडा सांगत नाही. ते रुग्णाला तपासूनच कळतं.

गैरसमज : सीआरपी उतरला, ईएसआर मात्र चढाच, म्हणजे एक रिपोर्ट चुकला.

वस्तुस्थिती : बहुधा दोन्ही बरोबर असतात. सूज ओसरली की रक्तातला सीआरपी साधारण 19 तासांत निम्मा होतो. ईएसआरची चाल संथ. नळीतल्या लाल पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसल्या, एवढंच तो मोजतो. फायब्रिनोजेन हे रक्तातलं प्रथिन वाढलं की या पेशींच्या चळती होतात आणि त्या भराभर बसतात. ते कमी व्हायला वेळ लागतो. शिवाय वय, गरोदरपण आणि रक्तक्षय यांनीही ईएसआर वाढतो. आपल्याकडे बायकांमध्ये हिमोग्लोबिन कमी असणं इतकं सर्रास आहे की ते न बघता ईएसआरवरून आमवाताची गोळी वाढवू नये.

गैरसमज : रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे आजार शांत.

वस्तुस्थिती : या समजुतीने रुग्णाचे सर्वाधिक हाल होतात. सकाळी तासभर मूठ वळत नाही, कुकरचं झाकण लागत नाही, आणि घरचे म्हणतात, ‘रिपोर्ट तर चांगलाय!’ सांध्यांना सूज असूनही काहींचे दोन्ही आकडे मर्यादेतच राहतात. म्हणूनच डीएएस-28 या मोजणीत डॉक्टर 28 सांधे दाबून बघतात, रुग्णाला कसं वाटतं ते विचारतात आणि रक्ताचा आकडा त्यात मिळवतात. ल्युपस या, प्रतिकारशक्ती उलटण्याच्याच दुसऱ्या आजारात तर तो भडकलेला असतानाही सीआरपी अनेकदा फारसा हलत नाही. तिथे रक्तातली सी-3, सी-4 ही प्रथिनं आणि डीएनएविरोधी अँटिबॉडी बघावी लागते.

आरए फॅक्टर ही आमवाताची रक्ततपासणी दर खेपेला करून घेण्यातही अर्थ नाही. ती निदानाला मदत करते. औषध लागू पडतंय का, हे तिच्यावरून ठरत नाही.

गैरसमज : सीआरपी अगदी कमी, म्हणजे इन्फेक्शन नाहीच.

वस्तुस्थिती : टोसिलिझुमॅब या आमवातावरच्या औषधाचं इंजेक्शन चालू असेल तर हे गृहीत धरणं धोक्याचं आहे. ते औषध इंटरल्युकिन-6 चा निरोपच अडवतं. छातीत न्यूमोनिया असला तरी सीआरपी तळाशी राहू शकतो, तापही जेमतेम येतो. अशा रुग्णाला धाप लागली, तर दवाखान्यात पाऊल टाकताच आधी या इंजेक्शनचं नाव सांगा.