मुरलेल्या खेळाडूला काय दिसतं?

वर्षानुवर्षं व्हिडिओ गेम खेळलेल्या माणसासमोर एखादा नवाकोरा गेम ठेवला, की एक गोष्ट हमखास पाहायला मिळते. अरुंद बोळ संपतो आणि समोर मोठं, रिकामं दालन येतं. दाराशी बंदुकीच्या गोळ्या आणि औषधं गरजेपेक्षा जास्तच पडलेली असतात, शेजारी गेम सेव्ह करायची सोय असते. शत्रू एकही दिसत नाही, तरी हा खेळाडू थबकतो, बंदूक भरून घेतो, गेम सेव्ह करतो आणि मगच आत शिरतो. आत ‘बॉस’, म्हणजे टप्प्याचा सर्वांत तगडा शत्रू, आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. नवखा मात्र सरळ आत जातो आणि मारला जातो. या जाणतेपणाला कुणी निव्वळ सवय म्हणून मोडीत काढतं, तर कुणी त्यालाच गेम डिझाइनचं ज्ञान समजतं. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. ही जाण खरी आहे, अनुभवातून कमावलेली आहे. पण ती गेम वाचण्याची जाण आहे. गेम घडवायचा तर तिला आणखी बऱ्याच गोष्टींची जोड द्यावी लागते.

अशी जाण कशी तयार होते, याचा शोध आधी बुद्धिबळाच्या पटावर लागला. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रूट यांनी १९४६ साली या विषयावर प्रबंध लिहिला. पुढे १९७३ मध्ये अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी तेच काम पुढे नेलं. खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवून झाकला, तर मातब्बर खेळाडू बहुतेक मोहरी जागच्या जागी मांडू शकत, नवख्याला मोजकीच जमत. पण तीच मोहरी कशीही विस्कटून मांडली, की मातब्बराची ही आघाडी जवळपास संपून जाई. म्हणजे त्याची स्मरणशक्ती अचाट नव्हती. ओळखीच्या रचनांचा साठा मोठा होता. व्हिडिओ गेमबाबत २०१८ मध्ये बर्कलेच्या संशोधकांनी एक बोलका प्रयोग केला. शिडी, किल्ली, दार, काटे असलेला साधा गेम लोक दोन मिनिटांत पुरा करत होते. या वस्तूंची ओळख पटवणाऱ्या खुणा पुसून चित्रं निरर्थक करून टाकली, तेव्हा त्याच खेळाला वीस मिनिटांहून जास्त वेळ लागला. नियम बदलले नव्हते. ओळख पुसली होती. शिडी चढायची असते हे आपल्याला जगाने शिकवलेलं असतं. दालनातला जादा दारूगोळा म्हणजे धोक्याची सूचना, हे मात्र फक्त गेमच शिकवतात.

आणि ते जाणूनबुजून शिकवतात. निन्टेन्डोच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची (१९८५) पहिली लेव्हल त्याचा वस्तुपाठ आहे. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा असतो, उजवीकडे मोकळी जागा असते. कुठे जायचं हे न सांगता कळतं. थोडं पुढे गेलं की गूम्बा नावाचा शत्रू चालत येतो. त्याला धडकलात तर मरता, पण खेळ नुकताच सुरू झालेला असल्याने गमावण्यासारखं काही नसतं. मग प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यांतून एक मशरूम बाहेर पडतो, उजवीकडे सरकतो, पाइपला आपटतो आणि उलटा मारिओकडेच येतो. डोक्यावर ठोकळे असल्याने उडी मारून त्याला चुकवणं अवघड जातं. तो अंगाला लागतो, मारिओ मोठा होतो आणि मशरूम हितकारक असल्याचं कळतं. पुढे दोन जिने समोरासमोर येतात. त्यांच्यामध्ये भक्कम जमीन असते, उडी चुकली तरी चालतं. त्यानंतर तसेच दोन जिने पुन्हा येतात, पण या वेळी मध्ये खड्डा असतो. नवी गोष्ट आधी बिनधोक जागी करून पाहायची, मग तीच धोक्यात करायची, हा शिरस्ता पुढे असंख्य गेमनी उचलला. मुरलेल्या खेळाडूच्या अंगी जे भिनलेलं असतं, ते बऱ्याच अंशी हेच.

हा केवळ हाताचा सराव आहे, असा आक्षेप घेता येईल. पण सराव असता तर तो एका गेमपुरता राहिला असता. जाणता खेळाडू कधीही न पाहिलेल्या गेममध्येही दोन वाटा फुटल्या की आधी मुख्य न वाटणाऱ्या वाटेने जातो, कारण बक्षीस आडवाटेला ठेवलेलं असतं हे तो जाणतो. इथे तो बोटांनी काही करत नसतो, गेम रचणाऱ्याच्या मनाचा अंदाज बांधत असतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि गॅरी क्लाइन यांनी २००९ च्या लेखात असा अंदाज विश्वासार्ह ठरण्याच्या दोन अटी सांगितल्या: परिस्थितीत नियमितपणा हवा, आणि ती शिकण्याची पुरेशी संधी, चूक-बरोबर कळण्यासह, मिळायला हवी. गेममध्ये नियम पक्के असतात आणि चूक क्षणात कळते. या दोन्ही अटी इतक्या चोख पुऱ्या करणारी क्षेत्रं फार थोडी.

मात्र चूक-बरोबर कळतं ते फक्त डोळ्यांसमोर घडणाऱ्या गोष्टींबद्दल. पडद्यामागे काय चाललंय, ते गेम मुद्दाम लपवतो. ‘फायर एम्ब्लेम: द बाइंडिंग ब्लेड’ (२००२) या गेममध्ये वार लागण्याची शक्यता ९० टक्के दाखवली, तर प्रत्यक्षात ती सुमारे ९८ टक्के असते, कारण गेम दोन यादृच्छिक आकड्यांची सरासरी घेतो. ९० टक्के म्हणजे ‘जवळजवळ नक्की’ या आपल्या चुकीच्या भावनेला तो धरून चालतो. ‘सेलेस्ट’ (२०१८) मध्ये कडा ओलांडल्यावरही क्षणाचा काही भाग उडी मान्य केली जाते. खेळाडूला ‘कंट्रोल मस्त आहेत’ एवढंच जाणवतं. परिणाम अचूक कळतो, कारण कळत नाही. म्हणूनच ‘हा शत्रू फार अवघड आहे’ ही जाणत्या खेळाडूची तक्रार बहुधा खरी असते, पण ‘त्याची ताकद कमी करा’ हा त्याचा उपाय चुकू शकतो; वार येण्याआधीचा इशाराच उशिरा दिसत असेल, तर दुरुस्ती तिथे हवी.

दुसरी मर्यादा अधिक अवघड आहे. २०२३ मध्ये ‘रेसिडेंट ईव्हिल ४’च्या नव्या आवृत्तीत आणि पुढच्या वर्षी ‘फायनल फँटसी ७ रीबर्थ’च्या डेमोत फोडायच्या किंवा चढायच्या जागांवर पिवळा रंग फासलेला पाहून अनुभवी खेळाडू चिडले, आम्हाला एवढंही कळत नाही का, असा त्यांचा सूर होता. स्वतःपुरतं त्यांचं बरोबरच होतं. पण वाचता येऊ लागल्यावर अक्षरांकडे नुसत्या रेघा म्हणून पाहता येत नाही, तसं नवख्याला काय दिसत नाही हे जाणत्याला दिसत नाही.

यावर कुणी म्हणेल, मग खेळाडूंमधूनच इतके डिझायनर कसे घडले? मिन्ह ली आणि जेस क्लिफ यांनी ‘हाफ-लाइफ’ हा गेम आपल्या परीने बदलून १९९९ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’ आणला. ‘पब्जी’मागचे ब्रेंडन ग्रीनही आधी इतरांच्या गेममध्ये असेच बदल करत होते. ही उदाहरणं खरी आहेत आणि मूळ मुद्द्याला बळच देतात. ‘काउंटर-स्ट्राइक’च्या चाचणी आवृत्त्या एकामागून एक आल्या, लोकांनी त्या खेळल्या, खोट सापडली, बदल झाले. रचणाऱ्यालाही चूक-बरोबर कळण्याची सोय अशी नव्याने उभी करावी लागली. खेळून ती आपोआप मिळाली नव्हती.

आपल्याकडे हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ हा गेम २०२० मध्ये जगभर पोचवला, आणि या व्यवसायात यायची इच्छा असलेली मुलं मराठी घरांत आहेत. त्यांच्या पालकांनी खेळण्यातले तास वाया गेले असं मानू नये, आणि मुलांनी तेवढे तास पुरेसे आहेत असं मानू नये. खेळताना थांबून पुढे काय येईल ते लिहून ठेवावं आणि ते का वाटलं, हेही लिहावं. एक छोटी लेव्हल स्वतः रचावी. मग ती कधीच गेम न खेळलेल्या माणसाच्या हाती द्यावी, आणि तो अडखळला तरी मध्ये न बोलता पाहत राहावं. तो जिथे चुकतो, तिथूनच डिझाइनचं शिक्षण सुरू होतं.