परदेशातला ग्राहक कानात काय ऐकतो?

तीन वर्षांपूर्वी मुंबईच्या एका निर्यातदाराकडे आमचा सुती कापडाचा माल गेला. सूत ऑरगॅनिक कापसाचे म्हणून आम्ही जास्त भाव देऊन घेतले होते. विकणाऱ्याने एका प्रमाणपत्राची झेरॉक्सही दिली होती. ती फाईलला लावून आम्ही निर्धास्त झालो. महिन्याभराने निरोप आला की परदेशातील ग्राहक हा माल ऑरगॅनिक म्हणून घेण्यास तयार नाही. शेवटी तो साध्या सुती भावाने विकावा लागला. आमची रक्कम अडकली आणि रंगाऱ्याची मजुरी दोन महिने थकली. निर्यातदार आम्हास म्हणाला, "भाईसाहेब, तिकडे खरेदीला बसलेली पोरं रोज पॉडकास्ट ऐकतात. कापूस कुठला, रंग कुठला, सगळं त्यांना पाठ असतं."

पॉडकास्ट म्हणजे पोराटोरांचा काही गाण्याबिण्याचा प्रकार असावा, अशी आमची समजूत होती. घरी आल्यावर भाच्याला विचारले. तो म्हणाला, "मामू, रेडिओच आहे, फक्त वेळ आपली." व्याख्या इतकी पुरे. कोणीतरी बोलतो, ते ध्वनिमुद्रित करून ठेवतो आणि आपण मोबाईलवर हवे तेव्हा ऐकतो. अर्धे ऐकून थांबवता येते, मागे नेता येते. बहुतेक कार्यक्रमांना पैसे पडत नाहीत, मोबाईलचा डेटा तेवढा खर्च होतो. हा शब्द २००४ मध्ये बेन हॅमरस्ले या पत्रकाराने इंग्लंडच्या 'गार्डियन' वृत्तपत्रात प्रथम वापरला. यास आकाशवाणीसारखा परवाना लागत नाही, म्हणून जाणकारही बोलतो आणि रिकामटेकडाही. ऐकणाऱ्याने पारख ठेवावी.

हवामान बदल आणि पर्यावरणास झेपेल असा धंदा, ज्याला इंग्रजीत सस्टेनेबिलिटी म्हणतात, या विषयांवर असे कार्यक्रम पुष्कळ आहेत. आमच्या धंद्याला सर्वांत जवळचा 'वॉर्डरोब क्रायसिस'. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या क्लेअर प्रेस या लेखिका तो २०१७ पासून चालवतात. विषय कपडा आणि फॅशन. 'आउटरेज अँड ऑप्टिमिझम' हा क्रिस्तियाना फिगेरेस व त्यांच्या सहकाऱ्यांचा. २०१५ मध्ये पॅरिस करार झाला तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या हवामान सचिवालयाच्या प्रमुख याच बाई होत्या. बीबीसीचा 'द क्लायमेट क्वेश्चन' सोप्या इंग्रजीत आहे, नवख्याने तेथून सुरुवात करावी. 'ड्रिल्ड' हा एमी वेस्टरव्हेल्ट यांचा. तेल कंपन्यांनी हवामानाविषयी लोकांची दिशाभूल कशी केली, ते त्या गुन्हेकथेसारखे सांगतात. आमचा कापडवाल्यांचा तेलाशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. पॉलिस्टर खनिज तेलापासूनच बनते, आणि आज जगात तयार होणाऱ्या एकूण तंतूंपैकी निम्म्याहून अधिक पॉलिस्टर आहे.

या कार्यक्रमांत एक शब्द फिरून फिरून येतो, तो म्हणजे ग्रीनवॉशिंग. माल आहे तसाच ठेवायचा आणि वरून हिरवे लेबल लावायचे. हा शब्द १९८६ मध्ये जे वेस्टरव्हेल्ड या अमेरिकन गृहस्थाने काढला, आणि तोही टॉवेलवरून! हॉटेलवाले पाट्या लावत की निसर्ग वाचवण्यासाठी टॉवेल पुन्हा वापरा. त्यांचा डोळा धुलाईच्या बिलावर आहे, असे याचे म्हणणे. सोलापूरच्या टॉवेलवाल्या बांधवांना ही हकीकत मुद्दाम सांगतो.

आता आमच्या मालाकडे येऊ. तो का नाकारला गेला, हे आम्हास नंतर उमगले. ऑरगॅनिक कापडासाठी जगात चालणारे एक मानक आहे, ग्लोबल ऑरगॅनिक टेक्सटाइल स्टँडर्ड, थोडक्यात गॉट्स. त्यात दोन कागद वेगवेगळे असतात. पहिला स्कोप सर्टिफिकेट, म्हणजे अमुक कारखाना हे काम करण्यास पात्र आहे. दुसरा ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट, म्हणजे अमुक गाठी, अमुक वजन, या व्यवहारातला हाच माल ऑरगॅनिक आहे. आमच्या फाईलला पहिल्याची झेरॉक्स होती, दुसरा कागद कोणी दिलाच नव्हता आणि आम्ही मागितलाही नव्हता. शिवाय सूत काढणारा, विणणारा, रंगवणारा, अशी साखळीतली प्रत्येक कडी प्रमाणित असावी लागते. आमचा विणकर आणि रंगारी दोघेही प्रामाणिक, पण कागद एकाकडेही नव्हता. ग्राहकाचा संशयही अगदीच हवेतला नव्हता. २०२० मध्ये भारतातील सुमारे २०,००० टन कापूस बनावट ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेटवर ऑरगॅनिक म्हणून दाखवल्याचे गॉट्सनेच उघड केले होते. तेव्हापासून हिंदुस्तानी कागद दोनदा तपासला जातो. लबाडी काहींनी केली, तपासणी सर्वांची होते.

आमच्या वयाच्या व्यापाऱ्यांना अ‍ॅझो रंगांचे प्रकरण आठवत असेल. १९९४ मध्ये जर्मनीने काही अ‍ॅझो रंगांवर बंदीचा कायदा केला, कारण त्यांच्यातून कर्करोगास कारण होणारी अमाइन्स सुटतात. तेव्हा बाजारात एकच ओरड झाली की हे गोऱ्यांचे निमित्त आहे. आम्हीही तेच म्हणत होतो. पण १९९७ मध्ये आपल्या सरकारनेही अशा रंगांवर बंदी घातली आणि २००२ मध्ये सबंध युरोपीय संघाने नियम केला. यादीतले अमाइन एका किलो कापडात ३० मिलिग्रॅमहून जास्त नको. ज्यांनी आधी रंग बदलला आणि टेक्सटाइल्स कमिटीच्या प्रयोगशाळेतून अहवाल घेतला, त्यांच्या ऑर्डरी टिकल्या.

आता पुढचा नियम आला आहे. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्यात वस्तूच्या डिजिटल पासपोर्टची तरतूद आहे. कपडा कशाचा, त्यात काय घातले, हे खुणेवरून मोबाईलवर वाचता यावे असा त्याचा हेतू. न विकलेले कपडे नष्ट करण्यावरही त्यात बंदी असून मोठ्या कंपन्यांसाठी १९ जुलै २०२६ ही तारीख घातली आहे. माल जाळता येणार नसेल तर कंपनी ऑर्डरच हात राखून देईल, असा आमचा अंदाज. अशा गोष्टींची चर्चा पॉडकास्टवर आधी होते आणि आमच्या दलालाकडे त्या फार उशिरा पोहोचतात.

या मंडळींविषयी आमची तक्रारही आहे. कपडे कमी घ्या, हा त्यांचा आवडता उपदेश. मे महिन्यात पत्र्याखाली बारा तास लूम चालवणाऱ्या भिवंडीच्या कारीगराने मग काय करावे, याचे उत्तर आम्ही ऐकलेल्या कार्यक्रमांत क्वचितच मिळाले. उष्णतेवर तासभर बोलतील, पण त्या पत्र्याखालच्या माणसाला माईकसमोर बसवणार नाहीत. दुसरे असे की, जुना कपडा पुन्हा उपयोगात आणण्याला ते सर्क्युलर म्हणतात आणि नवा शोध लागल्यासारखे सांगतात. आमच्याकडे चिंधीवाला पिढ्यान्‌पिढ्या हेच करतो. पानिपतला जुन्या लोकरी कपड्यांतून सूत काढून कांबळी विणतात. नजीबाबादचे रफूगर शालीचे भोक असे बुजवतात की मालकाला जागा सापडू नये. हे काम कोणी हिशेबात धरत नाही, कारण त्याला कागद नाही.

ऐकण्याविषयी थोडे. आमचे शिक्षण उर्दूतून झाले, इंग्रजी वेगाने कानावरून जाते. मोबाईलमध्ये बोलण्याचा वेग कमी करता येतो, तो पाऊण पट करावा. पुष्कळ कार्यक्रमांचा लिखित मजकूरही मिळतो, तो घरातल्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्यावा. शेजारी वही ठेवावी आणि नवा शब्द आला की तो निर्यातदाराला विचारावा. आम्ही तसे करतो. सुरुवातीला तो हसत असे, हल्ली तोच विचारतो की या आठवड्यात काय ऐकले.

मध्यंतरी भाच्याने आमच्या ओळखीच्या एका रफूगराला बसवून वीस मिनिटे मोबाईलवर बोलते केले, मराठी-उर्दू मिसळलेल्या आपल्या घरच्या जबानीत. शेजारच्या लूमचा खडखडाट मध्ये फार आला आहे. लूम बंद असते त्या दिवशी, शुक्रवारी, तो पुन्हा रेकॉर्ड करणार आहे.