काळ्या समुद्रात घाव, भिस्त बर्फाखाली

४ ऑगस्ट २०२३ रोजी रशियाच्या नोव्होरोसिस्क बंदराजवळ स्फोटकांनी भरलेली युक्रेनची चालकरहित बोट ‘ओलेनेगोर्स्की गोर्न्याक’ या जहाजावर आदळली. एका बाजूला कललेले हे जहाज तसेच ओढत बंदरात आणावे लागले. ते मुळात काळ्या समुद्रातले नव्हेच. रणगाडे आणि सैनिक किनाऱ्यावर उतरवणारे हे जहाज आर्क्टिकच्या ‘नॉर्दर्न फ्लीट’चे. युद्धाच्या तोंडावर ते दक्षिणेत आणले गेले होते.

त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये १८६ मीटर लांबीची रशियाच्या काळ्या समुद्रातील ताफ्याची ध्वजनौका ‘मॉस्क्वा’ युक्रेनच्या क्षेपणास्त्रांच्या माऱ्यानंतर बुडाली होती; रशियाने मात्र आगीचे कारण पुढे केले. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये ‘रोस्तोव-ना-दोनू’ ही पाणबुडी सेवास्तोपोलच्या गोदीतच क्षेपणास्त्रांच्या तडाख्यात सापडली. १९३६ च्या मॉन्ट्रो कराराचा आधार घेऊन तुर्कस्तानने काळ्या समुद्रात शिरण्याच्या सामुद्रधुन्या युद्धनौकांना बंद केल्यामुळे, गेलेल्या जहाजांच्या जागी दुसरी आणण्याची वाटही खुंटली.

एवढ्यावरून रशियाचे सागरी बळ संपले म्हणणे घाईचे ठरेल. जुलै २०२२ च्या सागरी धोरणात रशियाने आर्क्टिकला अग्रक्रम दिला, तो उगाच नाही. आर्क्टिकमधल्या कोला द्वीपकल्पाचा किनारा उबदार सागरी प्रवाहामुळे हिवाळ्यातही गोठत नाही. तिथल्या गाजियेवो तळावर अणुक्षेपणास्त्रे वाहणाऱ्या पाणबुड्या असतात. ‘बोरेई’ वर्गाच्या एकेका पाणबुडीवर ‘बुलावा’ची १६ क्षेपणास्त्रे मावतात. या पाणबुड्या शत्रूला सापडू नयेत, यासाठी निसर्गच मदतीला येतो.

पाणबुडीचा माग मुख्यतः सोनारने, म्हणजे ध्वनीच्या आधारे काढला जातो; पण पाण्यात ध्वनी सरळ जात नाही. जिकडे त्याचा वेग कमी, तिकडे तो वळतो. थंड पाण्यात वेग कमी असतो. उष्ण प्रदेशांतल्या समुद्रात वरचे पाणी कोमट असते, म्हणून ध्वनी खाली वळतो. आर्क्टिकमध्ये नेमके उलटे घडते. बर्फाला लागून असलेले पाणी उणे १.८ अंशांच्या आसपास, तर काहीशे मीटर खाली अटलांटिकमधून आलेले, त्या मानाने उबदार पाणी. त्यामुळे ध्वनी पुन्हा पुन्हा वर वळून बर्फाच्या खडबडीत तळावर आपटतो आणि विखुरतो. सोनारच्या उच्च वारंवारतेच्या लहरींचा तर लवकरच निकाल लागतो. बर्फाच्या कडेला तुकडे सतत घासत, तडकत असतात. त्या गोंगाटात पाणबुडीचा आवाज हरवून जातो. एरवी विमानातून पाण्यात टाकले जाणारे, आवाज टिपणारे तरंगते ‘सोनोबॉय’ इथे बर्फावरच पडून राहतात, आणि पाण्यात खाली उतरलेले बर्फाचे सुळके सोनारला पाणबुडीसारखे भासू शकतात.

मात्र क्षेपणास्त्र डागायचे तर पाणबुडीला मोकळे पाणी शोधावे लागते किंवा बर्फ फोडावा लागतो. मार्च २०२१ च्या ‘उम्का’ सरावात रशियाच्या तीन पाणबुड्या दीड मीटर जाडीचा बर्फ फोडून ३०० मीटरच्या परिघात एकाच वेळी वर आल्या. हे प्रदर्शन जगाला दाखवण्यासाठीच होते.

पण बर्फाचे हे छत्र आता विरळ होते आहे. १९७९ पासूनच्या उपग्रह नोंदींनुसार सप्टेंबरमधले आर्क्टिकचे बर्फक्षेत्र दर दशकाला सुमारे १२ टक्क्यांनी घटत आले आहे. अलास्काच्या उत्तरेच्या ब्यूफोर्ट समुद्रात तर पॅसिफिकमधून आलेल्या कोमट पाण्याचा थर मध्येच पसरला असून, त्याखाली अडकलेला ध्वनी बर्फाला न शिवता शेकडो किलोमीटर जाऊ शकतो. रशियाच्या बाजूला आज असा थर नाही. पण पाण्याची रचना बदलली की लपण्याचे गणितही बदलते, हे त्यातून दिसते. त्यात फिनलंड २०२३ मध्ये आणि स्वीडन २०२४ मध्ये ‘नाटो’त आल्याने आर्क्टिकच्या आठपैकी सात देश आता रशियाच्या विरोधी गोटात आहेत.

म्हणूनच रशियाच्या आरमाराची ताकद जोखताना केवळ बुडालेली जहाजे मोजून भागणार नाही; आर्क्टिकच्या पाण्याचे तापमानही पाहावे लागेल.