गोल डाकखान्याजवळचे लाल चर्च : इतिहास आणि आतल्या वस्तूंची ओळख



पहाडगंज म्हटले की आपल्या मराठी माणसाला नवी दिल्ली स्टेशन आठवते, मेन बझारातली स्वस्त हॉटेले आठवतात आणि आरामबागेतली नूतन मराठी शाळा आठवते. तिथून पंचकुइयाँ रस्त्याने गोल मार्केट गाठायचे आणि पुढे भाई वीरसिंग मार्गाने गोल डाकखान्याकडे यायचे. चालत गेलात तर अर्ध्या-पाऊण तासाचे काम. एका बाजूला बंगला साहिब गुरुद्वाऱ्याचा सोनेरी घुमट दिसतो आणि जवळच लाल विटांचे, पांढऱ्या खांबांचे एक मोठे चर्च उभे आहे. हेच सेक्रेड हार्ट कॅथेड्रल, म्हणजे येशूच्या पवित्र हृदयाला वाहिलेले चर्च. गुरुद्वाऱ्यात आपण डोके झाकून सहज जातो, लंगरात जेवतो. चर्चच्या दारात मात्र आपला पाय अडखळतो, कारण आत काय असते आणि ते कशासाठी असते, हे कोणी सांगितलेले नसते. आज तेच समजून घेऊ.

आधी एक गल्लत दूर करू. पहाडगंजच्या कडेला मंदिर मार्गावरही विटांचे एक सुंदर चर्च आहे, सेंट थॉमस. ते वॉल्टर जॉर्ज या वास्तुविशारदाने आखले. पण ते अँग्लिकन परंपरेचे असून आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे आहे. आपण बोलतोय ते कॅथलिक चर्च, रोमच्या पोपना मानणाऱ्यांचे.

आता प्रश्न असा, की दिल्ली एवढी जुनी आणि तिचे हे कॅथलिक कॅथेड्रल अजून शंभर वर्षांचेही कसे नाही? अकबराने १५८० साली गोव्याहून जेझुइट पाद्री बोलावून घेतले होते. म्हणजे कॅथलिकांचा उत्तरेशी संबंध साडेचारशे वर्षांचा. मग जुन्या वास्तू गेल्या कुठे?

उत्तरासाठी १७३९ हे साल लक्षात ठेवा. त्या मार्चमध्ये नादिरशहाने दिल्लीत कत्तल केली आणि शहर लुटले. तिथली कॅथलिक चर्चही त्यात उद्ध्वस्त झाली. त्याच वर्षी मे महिन्यात इकडे चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली. वसईच्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलखात आल्या. भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर त्या आजही आहेत. एका वर्षात दोन ठिकाणच्या चर्चवर घाला आला. दिल्लीतल्या वस्तू नाहीशा झाल्या, वसईतल्या घंटा देवळांत वाजत राहिल्या. ज्या वस्तूचा रोज वापर होतो ती टिकते, मग मालक कोणी का असेना. आणि हेही विसरू नका, की वसईनंतर अवघ्या ५३ वर्षांनी, १७९२ साली, सवाई माधवराव पेशव्यांनी पुण्यात चर्चसाठी जमीन दिली. नाना पेठेतले सिटी चर्च ते हेच. इतिहास एका रंगाचा नसतो.

दिल्लीत पुढे १८५७ च्या धामधुमीत ख्रिस्ती वस्तीची पुन्हा वाताहत झाली. त्यानंतर १८६५ साली जुन्या दिल्ली स्टेशनजवळ सेंट मेरीज हे कॅथलिक चर्च उभे राहिले. डिसेंबर १९११ च्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला आणण्याची घोषणा झाली आणि नवे शहर आखले जाऊ लागले. त्या शहरात राज्यकर्त्यांचा पंथ अँग्लिकन, म्हणून त्यांचे कॅथेड्रल व्हाइसरॉयच्या वाड्याजवळ. कॅथलिकांनी आपले चर्च मुख्यतः देणग्यांवर उभारले. फ्रान्सिस्कन परंपरेतल्या फादर ल्यूक यांनी पुढाकार घेतला. आग्ऱ्याच्या आर्चबिशपांनी १९२९ साली कोनशिला बसवली आणि १९३० मध्ये काम सुरू झाले.

नकाशा हेन्री मेड यांचा. ल्युटेन्स आणि बेकर यांच्या हाताखाली काम केलेला हा वास्तुविशारद. गंमत म्हणजे अँग्लिकनांचे कॅथेड्रलही त्यांनीच आखले. पण दोन्ही इमारती वेगळ्या ओळखू येतात. कॅथलिकांसाठी त्यांनी इटलीचा बाज घेतला : समोर पांढऱ्या खांबांचा दर्शनी भाग आणि दोन्ही बाजूंना कमानींचे बुरूज.

चला, आता आत जाऊ.

शिरताना दाराशी पवित्र पाण्याचे भांडे असते. भाविक त्यात बोटे बुडवून कपाळ, छाती आणि दोन्ही खांद्यांना स्पर्श करत क्रुसाची खूण करतात. ही बाप्तिस्म्याची आठवण. ज्या कुंडाशी बाप्तिस्मा देतात, ते जुन्या पद्धतीत दाराजवळ ठेवत, कारण बाप्तिस्मा म्हणजेच या समाजात प्रवेश.

पुढे लांबच लांब दालन, वर कमानदार छत, खाली गुळगुळीत दगडी फरशी. दोन्ही बाजूंना लाकडी बाक. कॅथलिक चर्चमधल्या बाकांच्या पायाशी सहसा एक अरुंद फळी असते. अनेक जण तिला पाय ठेवण्याची जागा समजतात. ती गुडघे टेकण्यासाठी आहे, तिच्यावर बूट ठेवू नका.

कोणत्याही कॅथलिक चर्चच्या भिंतींवर तुम्हाला चौदा चित्रे किंवा उठावाची शिल्पे दिसतील. येशूला शिक्षा सुनावल्यापासून कबरीत ठेवेपर्यंतचे हे चौदा टप्पे. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात लोक एकेका टप्प्यापाशी थांबून प्रार्थना करतात. आपल्याकडे परिक्रमा असते, तशी ही भिंतीकडेने केलेली यात्रा समजा. कडेला पडदा किंवा जाळी असलेली लाकडी खोली दिसली, तर ती पापकबुलीची जागा.

समोर सर्वात महत्त्वाची वस्तू, वेदी. इथली मुख्य वेदी संगमरवरी, जवळजवळ छतापर्यंत चढत गेलेली. ही वेदी, घंटा, विधीची वस्त्रे आणि वेदीचे सामान आग्ऱ्याच्या आर्चबिशपांनी दिले. म्हणजे नव्या राजधानीतल्या या देवघराचा संसार मोगलांच्या जुन्या राजधानीतून मांडला गेला. लेक सासरी निघाली की माहेरची भांडी सोबत देतात, तसेच काहीसे.

वस्त्रांचेही एक कॅलेंडर असते. नाताळ आणि ईस्टरला पांढरे, नाताळपूर्व आणि ईस्टरपूर्व काळात जांभळे, हुतात्म्यांच्या दिवशी लाल, एरवी हिरवे. धर्मगुरूंच्या अंगावरचा रंग पाहून वर्षाचा कोणता काळ चालू आहे ते कळते.

वेदीपाशी किंवा कडेला एक छोटी, कुलूपबंद पेटी असते आणि जवळ दिवा तेवत असतो. तिच्यात मिस्सेमध्ये अर्पण केलेली भाकर ठेवतात. कॅथलिकांच्या श्रद्धेनुसार तिथे येशू प्रत्यक्ष आहे. म्हणून त्या बाजूला वळताना ते गुडघा टेकतात. गाभाऱ्यातली समई म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हा दिवा वेगळा समजवावा लागत नाही.

आणि एक खुर्ची. कॅथेड्रल हा शब्दच खुर्चीवरून आला : लॅटिनमध्ये कॅथेद्रा म्हणजे आसन. ज्या चर्चमध्ये बिशपांचे आसन, ते कॅथेड्रल, मग इमारत लहान असो की मोठी. कोनशिला बसली तेव्हा दिल्ली आग्ऱ्याच्या अखत्यारीत होती. १९३७ साली दिल्ली आणि सिमला मिळून वेगळा आर्चडायोसिस झाला आणि दिल्लीला स्वतःचे आर्चबिशप मिळाले. १९५९ मध्ये सिमला वेगळे झाले. नोव्हेंबर १९९९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी आशियातल्या कॅथलिकांसाठीचा आपला दस्तऐवज याच कॅथेड्रलमध्ये जाहीर केला.

एक मोठा बदल मात्र डोळ्यांना चटकन दिसत नाही. हे चर्च बांधले तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये होई आणि धर्मगुरू लोकांकडे पाठ करून वेदीकडे तोंड करत. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषांना दार उघडले. त्यानंतर जगभरच्या जुन्या चर्चमध्ये उंच वेदीच्या पुढे एक साधी वेदी आली आणि धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले. दिल्लीत हिंदीतून मिस्सा, वसईत मराठीतून. एक टेबल थोडे पुढे सरकले, पण त्यामुळे मागच्या बाकावरच्या माणसाला आपल्या देवाशी काय बोलले जाते ते कळू लागले. ज्ञानोबा-एकनाथांच्या वारशात वाढलेल्या आपल्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

आता जाल तेव्हा काही गोष्टी सांभाळा. मिस्सा चालू असेल तर मागच्या बाकावर शांत बसा. उभे राहणे, बसणे इतरांबरोबर करा, गुडघे टेकणे ऐच्छिक. प्रसादासारखी दिसणारी भाकर घ्यायला रांगेत जाऊ नका, ती कॅथलिकांसाठीच असते. न घेतल्याने कोणाचा अपमान होत नाही. फोटो विचारून काढा. शेजारी सेंट कोलंबाज आणि जीझस अँड मेरी या शाळा आहेत, त्यामुळे सुटीचा दिवस निवडलात तर गर्दीचा त्रास कमी.

नादिरशहाच्या लुटीतून दिल्लीच्या जुन्या चर्चची एखादी घंटा वाचली असती, तर आज आपण ती कौतुकाने पाहिली असती. ती नाही. जे आहे ते नव्वद-पंच्याण्णव वर्षांचे, आणि रोजच्या वापरात आहे. भीमाशंकरची घंटा वाजवताना ती कुठून आली हे आठवणारा मराठी माणूस दिल्लीतल्या या चर्चमध्ये परका ठरू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. पुढच्या भागात भेटू.